इझनिक धाटणीची ताटली स्वतः रंगवताना

इझनिकची ताटली पाहिली की नजर आधी रंगावर जाते. गर्द निळा, फिरोजी, हिरवा आणि बोटाला किंचित उंच लागणारा लाल. म्हणून नवशिके आधी रंगांच्या बाटल्या गोळा करतात आणि तिथेच फसतात. ताटलीचा सगळा भार असतो तो बारीक काळ्या रेघेवर, आणि नंतर चढवलेल्या पारदर्शक ग्लेझच्या, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारख्या होणाऱ्या लेपाच्या, जाडीवर. या दोन गोष्टी साधल्या की नुसत्या निळ्या-काळ्यातही काम देखणे होते. इथे २५ सेंटीमीटर व्यासाच्या एका ताटलीचे काम गोव्याची हवा धरून, पायरीपायरीने दिले आहे.

नक्षीचे घराणे

इझनिक हे तुर्कस्तानात बुर्सा प्रांतातले, तळ्याकाठचे गाव. १५ व्या शतकाच्या अखेरीपासून १७ व्या शतकापर्यंत तिथल्या भट्ट्यांतून उस्मानी दरबारासाठी ताटल्या, वाडगे, सुरया आणि मशिदींच्या टाइल्स निघत. चिनी पोर्सेलिनचा पांढरेपणा हवा होता, पण ती माती हाताशी नव्हती. म्हणून तिथल्या कारागिरांनी मुख्यतः गारेची (क्वार्ट्झची) पूड, थोडी काच आणि थोडी पांढरी माती असे मिश्रण वापरले. सुरुवातीचे काम निळे-पांढरे. पुढे तब्रीझहून आलेल्या शाहकुलूने लांब, कातरलेल्या कडांच्या, वळून मोडलेल्या पानांची ‘साझ’ शैली रुजवली, आणि कारा मेमीने ट्यूलिप, कार्नेशन, गुलाब, हायसिंथ ही ओळखू येणारी बागेतली फुले आणली. प्रसिद्ध लाल रंग इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीच्या टाइल्सवर ठसठशीत दिसतो. ती मशीद १५५७ मध्ये पूर्ण झाली. आज हे काम मुख्यतः कुताह्या शहरात चालते. २०१६ मध्ये युनेस्कोने या ‘चिनी’ (रंगवलेल्या मातीकामाचे तुर्की नाव) कलेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

गोव्यात रंगवलेली टाइल म्हटली की अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या टाइल्स, आठवतात. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातली निळी भित्तिचित्रे आपल्या ओळखीचीच. अझुलेजोचा हात बसलेल्यांनी मात्र एक फरक पक्का लक्षात ठेवावा. तिथे कच्च्या, भुकटीसारख्या पांढऱ्या ग्लेझवर रंगवतात. रेघ तत्काळ शोषली जाते, पुसता येत नाही. इथे भाजलेल्या पांढऱ्या भांड्यावर रंगवायचे आणि पारदर्शक ग्लेझ नंतर वरून द्यायचे. चूक खरवडून काढता येते, म्हणून घाई करायची गरज नाही.

ताटली कोणती घ्यावी

पांढऱ्या मातीची, एकदा भाजलेली, ग्लेझ न दिलेली ताटली घ्या. स्टुडिओवाले तिला ‘बिस्क’ म्हणतात. डिचोलीच्या लाल मातीचे भांडे आपले, जवळचे, पण त्यावर फिरोजी मळका दिसतो. पांढऱ्या स्लिपचा, म्हणजे पातळ कालवलेल्या मातीचा, अखंड थर देता येत असेल तरच तिकडे वळावे, आणि तो थर सुटू नये म्हणून माती थोडी ओली असतानाच द्यावा लागतो. पहिल्या कामासाठी पांढरी मातीच बरी.

ताटलीचा मधला भाग सपाट हवा आणि कड निदान ३.५ सेंटीमीटर रुंद. बोटाच्या पेराने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत चीर आहे. ओल्या स्पंजने धूळ पुसा आणि त्यानंतर ताटलीला तळहात लावू नका. हाताचे तेल लागले त्या जागी ग्लेझ बसत नाही, आणि ते भट्टीतून निघाल्यावरच कळते.

पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, कपाटात ठेवलेली बिस्कसुद्धा हवेतला ओलावा पिते. मग ती रंग ओढत नाही आणि रेघ पसरते. रंगवण्याच्या आदल्या दिवशी घरच्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर ठेवा, आतच गार होऊ द्या आणि घट्ट डब्यात ठेवा.

आराखडा

कडेला लाटा आणि खडक, मधे एकाच बुंध्यातून वर आलेली फुले, अशी जुनी मांडणी शिकायला उत्तम. लाटांची कड मूळची मिंग काळातल्या चिनी भांड्यांवरची. इझनिकच्या कारागिरांनी ती आपलीशी केली.

कड बारा भागांत वाटा. २५ सेंटीमीटर व्यासाच्या ताटलीचा घेर साधारण ७८.५ सेंटीमीटर, म्हणजे बाहेरून एक भाग साडेसहा सेंटीमीटरचा. ताटलीएवढा गोल कागद कापा, अर्धा दुमडा, मग तीन सारख्या घड्या, मग पुन्हा अर्धा. उलगडल्यावर बारा रेषा मिळतात. त्या ताटलीच्या काठावर कोळशाच्या बारीक खुणांनी उतरवा. कडेचा एकच भाग ट्रेसिंग पेपरवर काढायचा आणि तो बारा वेळा सरकवायचा. सबंध कडेचा एक कागद केला तर उतरत्या कडेवर तो चुण्या पडून फसतो.

मधल्या फुलांचा कागद एकच. बुंधा ताटलीच्या खालच्या काठापाशी, थोडा एका बाजूला ठेवा. सगळे देठ तिथूनच निघायला हवेत आणि वर जाता जाता गोलाच्या कडेबरोबर वळायला हवेत. एक ट्यूलिप सरळ, एक झुकलेला, एका कार्नेशनचा देठ मोडून खाली आलेला. ताटलीत वारा खेळतो तो या मोडलेल्या देठामुळे. एक लांब साझ पान फुलांच्या पुढून आडवे न्या. पांढरी जागा पुष्कळ सोडा. रिकाम्या जागा टिकल्यांनी भरल्या की काम बाजारी दिसते, आणि नव्या माणसाचा हात नेमका तिकडेच धावतो.

भौमितिक नक्षी हवी असेल तर सहा किंवा बारा टोकांच्या ताऱ्यापासून सुरुवात करा. त्रिज्येएवढा कंपास घेराभोवती सहा वेळा बरोबर बसतो. एक सूचना आदराने: कुराणातली आयत जेवणाच्या ताटलीवर काढू नये. त्यावर उष्टे पडते, ती धुतली जाते. अक्षरांचे काम भिंतीवरच्या टाइलसाठी ठेवा. ताटलीला फुले, साझ पाने, ‘रूमी’ नावाची दुभंगलेली पाने, किंवा तीन गोळे आणि दोन लहरी असलेली ‘चिंतामणी’ नक्षी शोभते.

खाका टोचणे

खाका म्हणजे नक्षी उतरवायचा भोके पाडलेला कागद. बारीक सुई बुचात रोवा. ट्रेसिंग पेपर मऊ दुमडलेल्या टॉवेलवर ठेवून रेघेवर भोके पाडा. वळणावर दीड मिलिमीटरवर एक, सरळ देठावर अडीच-तीन मिलिमीटरवर एक. मागच्या बाजूला उठलेले काठ ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा. नाही तर भोके पुन्हा मिटतात.

कोळसा करवंटीचा सर्वांत चांगला. खलात बारीक वाटा, पातळ मलमलीच्या दुहेरी तुकड्यात बांधून पुरचुंडी करा. खाका ताटलीवर चिकटपट्टीने बसवा आणि पुरचुंडी त्यावर गोल फिरवा. आपटू नका, आपटल्याने भुकटी कागदाखाली उडते आणि ठिपके फिसकटतात. खोलगट जागी कागद बसत नसेल तर फुलांच्या मधून कात्रीने फटी द्या. कोळसा भट्टीत जळून जातो, डाग राहत नाही. तेलकट कार्बन पेपर मात्र वापरू नका. त्यावर पाण्याचा रंग धरत नाही.

काळी रेघ

तुर्की कारागीर या बाह्यरेघेला ‘तहरीर’ म्हणतात आणि तिच्यासाठी गाढवाच्या आयाळीच्या केसांचा लांब, टोकदार ब्रश बांधतात. आपल्याकडे लांब केसांचा लाइनर, ० किंवा १ नंबरचा, चालतो. लांब केसांत रंग साठतो, म्हणून देठ एका दमात निघतो. आखूड ब्रशने देठ तुकड्यातुकड्यांत काढावा लागतो आणि प्रत्येक जोड दिसतो.

काळा अंडरग्लेझ स्टेन (ग्लेझखाली द्यायच्या रंगाची भुकटी) १० ग्रॅम, फ्रिट (वितळवून दळलेली काच) दीड ग्रॅम, आणि डिंकाचे पाणी १२ ते १५ मिलिलिटर. डिंकाचे पाणी म्हणजे एक भाग बाभळीचा डिंक, दहा भाग पाणी, रात्रभर भिजवून गाळलेले. आपल्या हवेत ते लवकर आंबते. लवंगाच्या तेलाचा एक थेंब घातला की टिकते. हे सगळे जाड काचेवर पसरट सुरीने दहा मिनिटे घोटा. स्टेनची खडी राहिली तर रेघ मधेच तुटते.

आधी फुटक्या बिस्कवर चाचणी घ्या. एकदा भरलेल्या ब्रशने आठ-दहा सेंटीमीटरची अखंड रेघ यायला हवी. लगेच तुटली तर भांडे तहानलेले आहे, ओल्या स्पंजचा एक हात फिरवा. पसरली तर पाणी जास्त. सुकल्यावर रेघ चकाकली तर डिंक जास्त झाला, आणि अशा रेघेवरून ग्लेझ भट्टीत आखडून दोन्ही बाजूंना सरकते. मधे उघडी, खरखरीत पट्टी उरते.

ताटली फिरत्या चाकावर ठेवा. हात लाकडी पट्टीच्या पुलावर टेकवा आणि वळणावर हात वळवण्याऐवजी ताटली फिरवा. आधी सगळे देठ, बुंध्यापासून टोकाकडे. मग फुले, शेवटी पाने. प्रत्येक टप्प्यात ताटलीच्या वरच्या भागापासून खाली येत काम केले तर कोळशाचे ठिपके पुसले जात नाहीत. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची नको: पानाच्या पाठीला थोडा दाब, टोकाला ब्रश उचलत न्यायचा. चूक झाली तर ओली असताना पुसू नका, काळा रंग छिद्रांत शिरून करडा डाग पडतो. पूर्ण सुकू द्या, ब्लेडने खरवडा, मग ओलसर कापसाच्या काडीने टिपा.

रंग भरणे

निळा कोबाल्ट स्टेनचा. शुद्ध कोबाल्ट ऑक्साइड फार तीव्र असते आणि ग्लेझखाली वाहते. नव्या हाताने त्याच्या वाटेला जाऊ नये. दोन पातळ हात द्या, पहिला सुकल्यावर दुसरा आडवा. एकच दाट हात दिला तर ब्रशच्या वाटा दिसतात.

जुना फिरोजी तांब्यापासून येई, पण त्यासाठी सोडा-पोटॅश जास्त असलेले ग्लेझ लागते. अशा ग्लेझला सहसा बारीक तडे जातात आणि आंबट पदार्थात तांबे उतरू शकते. जेवणाच्या ताटलीसाठी झिरकोनियम-व्हॅनेडियमचा तयार फिरोजी स्टेन घ्या. छटा थोडी वेगळी पडते, पण ताटली वापरता येते.

हिरवा बहुतेक क्रोमचा असतो. पारदर्शक ग्लेझमध्ये जस्त असेल तर तो तपकिरी होतो. रंग बिघडला म्हणून लोक रंगाची बाटली बदलत बसतात; दोष ग्लेझचा असतो. ग्लेझ घेतानाच जस्तविरहित आणि शिसेविरहित अशी दोन्ही खात्री करून घ्या.

लाल सर्वांत हट्टी. जुना लाल म्हणजे लोहयुक्त लाल मातीचा दाट थर, म्हणूनच तो उंच लागतो. आपल्या देवळांच्या भिंतींवरच्या कावी चित्रांतली काव याच जातीची माती, त्यामुळे ती वापरून पाहण्याचा मोह होतो, आणि पाहावीही. काव आणि गारेची बारीक पूड १:१, २:१ आणि ३:१ अशा तीन प्रमाणांत फुटक्या तुकड्यांवर दाट लावून भाजा. पातळ थरातले लोह ग्लेझमध्ये विरघळते आणि रंग तपकिरी होतो. जाड थर टिकतो, पण फार जाड झाला तर सोलतो. हा खेळ चाचणीच्या तुकड्यांवरच. ताटलीसाठी झिरकॉनच्या कवचात बंद केलेल्या कॅडमियमचा तयार लाल अंडरग्लेझ घ्या, तीन हात द्या. तो खलात वाटू नका. कवच फुटले की रंगही जातो आणि सुरक्षितताही. त्यावर ग्लेझचा अखंड थर हवाच.

सुकी भुकटी हाताळताना मास्क लावा. टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. गारेची धूळ फुप्फुसात बसते.

ग्लेझ

रंगवलेली ताटली आधी ६५० ते ७०० अंशांवर एकदा भाजून घ्या. डिंक जळतो, रंग बसतो, आणि ग्लेझ देताना निळा फिसकटत नाही. भट्टी भाड्याची असेल तर ही पायरी टाळावीशी वाटेल, पण लाल तीन हात दिला असेल तर टाळू नका.

ग्लेझ ८० मेशच्या चाळणीतून गाळा. मोजपात्रात १०० मिलिलिटर घेऊन वजन करा. १४० ते १४५ ग्रॅम भरायला हवे. हाताला ते ताकासारखे लागते, पण हातावर विसंबू नका, वजनच करा. ताटली ६०-७० अंशांपर्यंत कोमट करून घेतली की ग्लेझ नीट धरते. रुंद परातीत दोन-तीन सेकंद बुडवा, लगेच उभी धरून निथळवा. चिमट्याच्या खुणा ब्रशने भरा. सुकल्यावर कडेला सुईने टोचून जाडी पाहा: पाऊण मिलिमीटरच्या आसपास ठीक. जाड झाले तर वर दुधाळ धुके येते आणि निळ्याच्या कडा वितळल्यासारख्या होतात. पातळ राहिले तर रंग कोरडे, खरखरीत लागतात. दोन्हींपैकी पातळ बरे. पुन्हा थर देऊन भाजता येते. जाड गेलेले परत मिळत नाही.

बुडाची रिंग आणि तिच्यावरचे दोन-तीन मिलिमीटर ओल्या स्पंजने पूर्ण पुसा. विसरलात तर ताटली भट्टीच्या फळीला चिकटते आणि दोन्ही जातात.

भट्टी

गोव्यात स्टुडिओ पॉटरी करणारे बरेच आहेत, आणि भट्टीत जागा देणारेही भेटतात. जाताना तीन गोष्टी सांगा: माती कोणती, ग्लेझ किती अंशांचे, कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारी मातीची सुळकी) कुठला हवा.

पांढऱ्या अर्दनवेअरसाठी, म्हणजे कमी तापमानाला भाजायच्या सच्छिद्र मातीसाठी, बिस्क ११०० अंशांवर आणि ग्लेझ १०४० ते १०६० अंशांवर, हा उलटा वाटणारा क्रम मुद्दाम आहे. कमी भाजलेली माती पुढे महिनोन्महिने ओलावा पीत फुगते, ग्लेझ फुगत नाही, आणि कपाटात ठेवलेल्या ताटलीला तडे जातात. आपल्या पावसाळ्यात हे हमखास होते. माती आधीच जास्त भाजली की फुगणे कमी होते. पण आपली माती ११०० अंश झेलते ना, हे विक्रेत्याला विचारून घ्या.

ग्लेझची भट्टी अशी: १०० अंशांवर तासभर थांबा, मग ताशी १०० अंशांनी ६०० पर्यंत, पुढे ताशी १५० ते १८० अंशांनी शेवटपर्यंत, आणि तिथे १५ मिनिटे. ५७३ अंशांना गारेचे रूप बदलते आणि आकारमान एकदम बदलते. या टप्प्यावर चढताना आणि उतरताना घाई झाली तर ताटली सरळ दुभंगते. दार १०० अंशांखाली आल्यावरच उघडा. मीटरवर पूर्ण भरवसा ठेवू नका. फळीवर ०४ नंबरचा कोन ठेवा, तो वाकला की काम झाले. पावसात मधेच वीज गेली तर घाबरू नका. दार बंद ठेवा आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे चढवा. समुद्राजवळच्या घरात भट्टीच्या जोडण्या आणि रिले खाऱ्या हवेने गंजतात. वर्षातून दोनदा वीज बंद करून तपासा.

जेवणात वापर

इथे स्पष्ट सांगायला हवे. लाल रंगाची, कमी तापमानाची ताटली रोजच्या हुमणासाठी नाही. नेवऱ्या, लाडू, बेबिंका, फळे यांना ती छान. रोजच्या जेवणासाठी हीच नक्षी स्टोनवेअरवर (जास्त तापमानाला भाजायच्या मातीवर), १२०० ते १२२० अंशांच्या ग्लेझखाली, फक्त काळा, निळा आणि फिरोजी वापरून करा. माती घट्ट होते, पाणी पीत नाही. लाल तिथे टिकेल याची खात्री नसते, म्हणून मोह आवरावा.

तडे तपासायचे तर ताटली तीन मिनिटे उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात, असे चार-पाचदा करा आणि वरून शाई पुसा. तड्यांत शाई उतरलेली दिसते. तडे असतील तर हळद आणि आमसूल त्यांत कायमचे शिरतात.

आंबटाची परीक्षा माडाच्या व्हिनेगरने करा. अर्धी ताटली २४ तास बुडवून ठेवा. चमक किंवा रंग दोन्ही अर्ध्यांत वेगळा दिसला तर ती जेवणात घेऊ नका. मात्र डोळ्यांना फरक दिसला नाही म्हणून शिसे नाही असे ठरत नाही. विकायची असेल किंवा मुलांना द्यायची असेल तर प्रयोगशाळेतून शिसे आणि कॅडमियम तपासून घ्या; तिथे ४ टक्के ॲसिटिक आम्लात २४ तास ठेवून किती उतरले ते मोजतात.

तुर्कस्तानातून आणलेल्या ताटल्यांनाही हाच नियम. जुन्या इझनिक ग्लेझमध्ये शिसे होतेच. आजच्या बाजारी ताटल्यांत मागे टांगायची भोके असलेल्या, वर उंच ठिपक्यांची नक्षी चढवलेल्या, किंवा फक्त सजावटीसाठी असा शिक्का असलेल्या भिंतीवरच लावा.

धुताना तारेची घासणी नको, मऊ काथ्या पुरे. बुडाची रिंग ग्लेझविना असते आणि पाणी पिते, म्हणून धुतल्यावर ताटली उभी करून वाळवा. ओली रचली तर पावसाळ्यात तिला कुबट वास लागतो. फ्रिजमधून काढून थेट मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. रचताना दोन ताटल्यांमध्ये सुती फडके घाला, कारण वरच्या ताटलीची खरखरीत रिंग खालच्या ताटलीच्या फुलांवरच टेकते.